समुद्राला पाठ करून जाणारी नदी

‘ही नदी खरी वाटत नाही.’

नसलेल्या देशांचे नकाशे काढणाऱ्या आमच्या गटात मी माझा नकाशा दाखवला, त्यावर एकाने लिहिलेलं एवढंच वाक्य. पुढे त्याने कारणही दिलं होतं, अगदी सभ्यपणे. पश्चिमेचा समुद्र उगमापासून इतका जवळ असताना नदी सगळा देश ओलांडून पूर्वेला कशाला जाईल? उगम थोडा मध्यावर सरकवलास तर नकाशा पटेल.

सकाळी वाचलं, तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये. ऑफिसात अंगावर पडलेलं काम उरकलं. वहिनीचा फोन येऊन गेला, तिलाही धड उत्तर दिलं नाही. तिचं म्हणणं रास्त आहे, पण त्याबद्दल आज नको.

गटाचा या महिन्याचा विषय होता ‘आपल्या घराजवळची भूमी’. आजूबाजूचा मुलूख घ्यायचा आणि त्यातून नसलेला देश उभा करायचा. नेहमीसारखंच सगळे कच्च्या किनाऱ्यापासून दाखवत गेले. आधी नुसती किनारपट्टी, मग डोंगर, मग नद्या, शेवटी गावं आणि नावं. प्रत्येक टप्प्यावर बाकीचे बघतात आणि बोलतात. नुसतं ‘छान’ म्हणून कुणी पुढे जात नाही. सावली चुकीच्या बाजूला पडली असेल, नाव नदीवर चढलं असेल, तर सांगतात. मी जे काही शिकले ते इथेच. नद्या एकमेकींना मिळतात, वाटेत फुटत नाहीत, मुखाजवळचा त्रिभुज प्रदेश तेवढा वेगळा. तळ्यात कितीही ओढे येवोत, बाहेर पडायची वाट बहुधा एकच. पावसाचा वारा डोंगराच्या ज्या अंगाला आदळतो तिथे रान, पलीकडे कोरडं. हेच मी नव्यांनाही सांगत आले आहे. म्हणून त्याच्यावर राग धरता येत नाही. माझ्याच तोंडची भाषा आहे ती.

पण नदी कृष्णा होती.

नाव बदललं होतं, किनाराही वेगळा वळवला होता, वळणं मात्र तिचीच. जुन्या महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात पाच नद्यांचा उगम मानतात. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत सुमारे 64 किलोमीटर. त्या पाचांतली सावित्री जवळची वाट धरते, कडा उतरते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. कृष्णा मात्र वाईकडे वळते. माहुलीला वेण्णा घेते, कराडला कोयना घेते आणि 1,400 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला जाते. यात तिने एकही नियम मोडलेला नाही. पाणी उताराकडेच गेलंय, उतारच पूर्वेचा आहे. सह्याद्रीला दोन सारख्या बाजू नाहीतच. तो पठाराचा काठ आहे. कोकणाकडे तुटलेला कडा, आणि आपल्याकडे इतका हळू उतरणारा मुलूख की चालताना पायाला कळतही नाही. त्यामुळे पाण्याची वाटणी अगदी पश्चिमेच्या कडेवरच होते. एका हाताच्या अंतरावर पडलेल्या दोन थेंबांतला एक कोकणात जाईल आणि दुसरा आंध्रात.

हे सगळं मी उत्तरात लिहून काढलं, आकड्यांसकट. पाठवलं नाही. का पाठवलं नाही, तेच कळत नाहीये.

संध्याकाळी म्हात्रे पुलावर गाडी अडकली होती. खाली मुठा भरून चालली होती, खडकवासल्यातून पाणी सोडलंय म्हणून भिडे पूल बंद आहे. वाटलं, हे पाणीसुद्धा तेच करतंय. मुठा मुळेला, मुळा-मुठा भीमेला, भीमा रायचूरच्या बाजूला कृष्णेला. आमच्या घरात नळाला येणारं पाणी खडकवासल्याचं, म्हणजे मी लहानपणापासून समुद्राला पाठ केलेल्या नद्यांचंच पाणी पीत आले. आणि तेच कागदावर उतरवलं तर कुणाला खरं वाटत नाही.

खरं सांगायचं तर रडू आलं. इतकी वर्षं मी बर्फाची शिखरं काढली, सूचिपर्णी जंगलं काढली, खडकांत आत शिरलेल्या थंड खाड्या काढल्या. बर्फ मी पाहिलेला नाही. त्या खाड्यांना कुणी कधी ‘खरी वाटत नाही’ म्हटलं नाही. उलट कौतुकच झालं. आणि जिथे मे महिन्यात वाईला कृष्णेकाठच्या गणपती घाटाच्या पायऱ्यांवर आजीचा हात धरून पाण्यात उतरायचे, ती जागा पहिल्यांदा काढली, तर ती सरकव म्हणतात. आप्पा असते तर त्यांना दाखवला असता हा नकाशा. त्यांनी काय म्हटलं असतं... असो.

म्हणजे दुखलं ते नेमकं काय? नदीवर शंका घेतली हे? की माझ्याकडे पुरावा असूनही तो द्यावासा वाटत नाही हे? ‘ही नदी अस्तित्वात आहे, बघून घे’ असं म्हटलं तर तो लगेच मान्य करेल, माफीसुद्धा मागेल. माणूस चांगला आहे. पण त्याने मानावं ते नकाशाकडे बघून मानावं. घरच्या माणसाने दारात उभं राहून जन्मदाखला दाखवावा तसं मला कृष्णेच्या बाबतीत करायचं नाही.

जेवताना आईला सांगितलं. तिचं माहेर वाईचं, आधी ती चिडलीच. “कृष्णाबाईला खोटी म्हणाला?” मग चष्मा लावून नकाशा बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “अगं, महाबळेश्वरहून आंबेनळी घाटातून पोलादपूरला उतरताना माझ्या पोटात कसं ढवळतं. ते कुठाय यात?”

मी गप्प झाले.

डोंगर मी सॉफ्टवेअरमधल्या तयार ठशांनी काढले होते, सगळेच काढतात. ते ठसे त्रिकोणी. टोकदार शेंडा, दोन्हीकडे सारखा उतार, एका बाजूला सावली. कुणीतरी आपल्या गावचे डोंगर बघून ते केले असणार, आणि त्यात वाईट काही नाही. पण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून झालेला आपला मुलूख त्यात मावत नाही. आपल्याकडे माथा सपाट, त्याखाली कातळाचा कडा, मग गवताचा टप्पा, पुन्हा कडा. आमच्या गच्चीवरून सिंहगड दिसतो तोही टोकदार नाही. आणि ज्या डोंगराला दोन्हीकडे सारखा उतार आहे, त्यावरून नदी लांबच्या समुद्राकडे जाते म्हटलं की बघणारा अडखळणारच.

म्हणून रात्री ठसे काढून टाकले आणि हाताने सुरुवात केली. जुन्या मोजणीच्या नकाशांत उतार दाखवायला बारीक रेघा मारत, चढ जितका उभा तितक्या त्या जाड आणि दाट, तसं. पश्चिमेला उत्तर-दक्षिण सलग कडा, रेघा इतक्या दाट की काळा पट्टाच झाला. पूर्वेला विरळ, आणखी विरळ, मग नुसता कोरा कागद. कड्याखाली आखूड, घाईच्या नद्या, प्रत्येकीच्या तोंडाशी एक खाडी. आता माझी नदी कोऱ्या कागदावरून सावकाश निघाली आहे आणि तिला तिकडेच जायचंय हे दिसतंय.

कडा आल्यावर बाकीचं आपोआप सुचायला लागलं. कडा आहे म्हणजे तो चढायच्या वाटा मोजक्याच, म्हणजे प्रत्येक वाटेवर पहारा. नाणेघाटावर जीवधन, बोरघाटावर लोहगड-विसापूर आहेत तसे किल्ले बसवले. घाटमाथ्याच्या थोडं आत, जुन्नर आहे त्या जागी, बाजाराचं मोठं गाव. जकातीसाठी वाटेत दगडी रांजणसुद्धा ठेवलाय. पश्चिमेचा किनारा गर्द झाला, कारण महाबळेश्वरला वर्षाला 5,500 मिलिमीटरच्या वर पाऊस आणि पुण्याला 700 च्या आसपास, हा फरक माझ्या देशातही पडायलाच हवा. आधीच्या नकाशात गावं ‘इथे शोभेल’ म्हणून ठेवली होती. आता ती तिथे का आहेत ते मला सांगता येतं.

ते लिहून ठेवलेलं उत्तर पुसून टाकलं. उद्या हा दुसरा खर्डा तसाच दाखवणार, कृष्णेचं नाव न घेता. त्याला पटला तर आनंद आहे. नाही पटला तर तो काय म्हणतो ते पुन्हा ऐकीन. त्याच्या त्या एका वाक्याशिवाय कडा मी काढला नसता, हेही त्याला कळवायचंय. फक्त ते कसं लिहावं, ते सुचत नाहीये.

रंगाचं अडलंय. हिरवं म्हणजे सुपीक आणि पिवळं म्हणजे वाळवंट, असं सगळीकडे धरतात. आपले डोंगर जूनच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत हिरवे आणि पुढे आठ महिने पिवळे. एकाच कागदावर दोन्ही कसे दाखवायचे? आई म्हणते, पिवळाच कर, सुट्टीत आपण तसाच बघतो. मला अजून ठरवता येत नाहीये. दोन्ही रंगांत एकेक प्रत काढून बघते.