केबिनमध्ये डेअरीचा फोटो कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाशिकला गंगापूर रोडवरच्या माझ्या ऑफिसात पहिल्यांदा येणारा जवळपास प्रत्येक जण हे विचारतो. आर्किटेक्टच्या टेबलामागे एखादं देखणं देऊळ असावं, गेला बाजार स्वतः बांधलेला बंगला तरी असावा, अशी लोकांची अपेक्षा. माझ्याकडे आहे गुजरातेतल्या मेहसाण्याच्या दूधसागर डेअरीचा कृष्णधवल फोटो. "मॅडम, हा कुठला किल्ला?" असं सुरू होतं आणि डेअरी आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला.

ही डेअरी आर्किटेक्ट अच्युत कानविंदे यांनी बांधलेली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीची. किल्ल्यासारखी दिसते ती छपरावर डोकं काढून उभ्या असलेल्या काँक्रीटच्या उंच शाफ्टमुळे, म्हणजे हवा बाहेर नेणाऱ्या पोकळ मनोऱ्यांमुळे. दूध तापवायचं, त्याची पावडर करायची म्हणजे रात्रंदिवस वाफ आणि उष्णता. ती बाहेर जायला वाट लागते. आपल्याकडे सर्रास काय करतात, तर आधी एक मोठा डबा बांधतात, आत माणसं घामाघूम झाली की भिंतीला एक्झॉस्ट फॅन ठोकतात. कानविंद्यांनी हवेच्या या वाटा आधी आखल्या आणि त्यांनाच इमारतीचा चेहरा होऊ दिलं. जुन्या नाशकात सराफ बाजाराच्या मागच्या गल्ल्यांमध्ये जे थोडे वाडे अजून उभे आहेत, त्यांचा चौक हेच काम करतो: खालची गरम हवा वर ओढून घेतो. वाड्यातली ही समज कारखान्यात उतरलेली मला या फोटोत दिसते. म्हणून तो तिथे आहे.

कानविंदे आपले कोकणातले. १९१६ साली आचऱ्यात जन्म. आई लहानपणीच गेली. वडील मुंबईत चित्रकला शिकवायचे, स्वतः व्यक्तिचित्रं आणि निसर्गचित्रं काढायचे. मुलगा जे. जे. मध्ये आर्किटेक्चरला गेला, तेव्हा तिथे क्लॉड बॅटली या ब्रिटिश आर्किटेक्टचा काळ होता. पुढे सरकारने कानविंद्यांना अमेरिकेत हार्वर्डला पाठवलं. तिथे वॉल्टर ग्रोपियस शिकवत होते, जर्मनीत बाउहाउस ही आधुनिक डिझाइनची शाळा सुरू करणारे. १९४७ मध्ये शिक्षण संपवून कानविंदे परतले आणि सीएसआयआरचे, म्हणजे देशभर प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरकारी संशोधन परिषदेचे, मुख्य आर्किटेक्ट झाले. देशाला प्रयोगशाळा हव्या होत्या आणि प्रयोगशाळा कशी बांधायची हे इथे फारसं कुणाला माहीत नव्हतं. गॅसची, पाण्याची पाइपलाइन कुठून न्यायची, उद्या यंत्र बदललं तर भिंत हलवता येईल का, शास्त्रज्ञाच्या टेबलावर उजेड कुठल्या बाजूने पडावा, असे हे प्रश्न. त्यांत नाव होण्यासारखं काही नसतं. मला तर वाटतं, त्यांची सगळी घडण इथेच झाली.

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदाबादेत त्यांनी कापड उद्योगासाठी संशोधन करणाऱ्या अटिरा या संस्थेची इमारत केली. सरळ आडव्या रेषा, नक्षीला पूर्ण फाटा. ग्रोपियस यांची शिकवण त्यात स्वच्छ दिसते, जरा जास्तच दिसते. १९५५ मध्ये त्यांनी दिल्लीत शौकत राय यांच्याबरोबर स्वतःची फर्म काढली. राय इंजिनिअर होते. आर्किटेक्टने चित्र काढायचं आणि इंजिनिअरने ते कसंबसं उभं करायचं, ही ओढाताण त्या ऑफिसात नसावी, असं त्यांच्या इमारती पाहून वाटतं.

त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे आयआयटी कानपूर. संस्था १९५९ची, पहिले संचालक पु. का. केळकर. संचालक मराठी, आर्किटेक्ट मराठी, आणि आपल्याकडे याची कुठे वाच्यता नाही! मी कॉलेजच्या स्टडी टूरमध्ये तो कॅम्पस पाहिला. हजार एकरांहून मोठी जागा, पण वर्ग, प्रयोगशाळा, लायब्ररी सगळं मधोमध एकवटलेलं, पायी जाता येईल एवढ्या अंतरात. या इमारतींना जोडणारे लांबच लांब झाकलेले रस्ते आहेत, दोन पातळ्यांवर. वाहनं वेगळी, माणसं वेगळी. कानपूरचा उन्हाळा आपल्या नाशिकपेक्षा कितीतरी कडक. तिथे केमिस्ट्रीचा विद्यार्थी सावली न सोडता लायब्ररीत पोचतो आणि वाटेत त्याला फिजिक्सचा कुणी भेटतो, दोघं कठड्याला टेकून बोलत उभे राहतात. हे भेटणं कागदावर आधी कुणीतरी आखलेलं होतं, हे कळल्यावर मी थक्क झाले होते.

तिथली भिंत जवळून बघण्यासारखी आहे. कॉलम आणि बीम उघड्या काँक्रीटचे, मधला भराव विटांचा, वर प्लास्टर नाही. कुठलं काँक्रीट वजन पेलतंय आणि कुठली वीट नुसता आडोसा देतेय, ते उभ्याउभ्या वाचता येतं. प्लास्टर नाही म्हणजे गवंड्याला चूक लपवायला जागा नाही. प्रत्येक सांधा एका जाडीचा यावा लागतो. साइटवर उभं राहून असं काम करून घेतलेल्या कुणालाही विचारा, ते किती अवघड आहे.

माझं बरंचसं काम अंबड आणि सातपूरच्या एमआयडीसीत असतं. तिथे आलेल्या क्लायंटचं पहिलं वाक्य असतं, "मॅडम, आधी एलिव्हेशन दाखवा." म्हणजे दर्शनी बाजू: रस्त्याकडून काच, वर एसीपीचे चकचकीत ॲल्युमिनियमचे पत्रे, रात्री लाइटिंग. आणि मागे पत्र्याची शेड, जिथे माणसं आठ-आठ तास उभी असतात. एका पावडर कोटिंगवाल्या (धातूच्या पार्टवर रंगाची पूड चढवून ती ओव्हनमध्ये भाजतात, ते काम) उद्योजकाशी माझा यावरून बराच वाद झाला. शेवटी मी त्यांना एप्रिलमध्ये भर दुपारी त्यांच्याच जुन्या शेडमध्ये ओव्हनजवळ उभं राहायची विनंती केली. पोरं मानेवर ओले पंचे टाकून पार्ट टांगत होती. ते थोडा वेळ उभे राहिले, बाहेर आले आणि म्हणाले, "बोला, काय करायचं ते."

नव्या शेडमध्ये आम्ही ओव्हन पूर्वेच्या टोकाला नेला, कारण उन्हाळ्यात आपल्याकडे वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो. पश्चिमेच्या भिंतीला खाली, माणसाच्या कमरेएवढ्या उंचीपर्यंत जाळी ठेवली, बाहेर झाडं लावली. ओव्हनवरचं छप्पर बाकीच्यापेक्षा बरंच उंच घेतलं आणि त्याच्या माथ्याला उघडी फट ठेवली, पावसाचं पाणी आत येणार नाही अशी. गार हवा खालून आत येते, तापून वर चढते, माथ्यातून निघून जाते. आत येण्याची आणि बाहेर जाण्याची जागा यांच्या उंचीत जितकं अंतर जास्त, तितकी ओढ जास्त. विजेचं बिल नाही, मेन्टेनन्स नाही. समोरच्या काचेचा खर्च त्यात वळवला. आज रस्त्यावरून त्या कारखान्याचं उंच छप्परच आधी नजरेत भरतं, आणि तीच त्याची ओळख झाली आहे.

यावर लोक म्हणतात, एवढे मोठे होते तर नाव ऐकलं कसं नाही? आर्किटेक्ट म्हणून चार्ल्स कोरिया ऐकलेले असतात. पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींना २०१८ मध्ये प्रित्झकर हा आर्किटेक्चरमधला जगातला मोठा पुरस्कार मिळाला तेव्हा आपल्या पेपरांत आलं होतं. कानविंद्यांना १९७४ मध्ये पद्मश्री मिळाली, २००२ मध्ये ते गेले. मला कारण असं दिसतं की त्यांनी बांधलं ते बहुतेक संस्थांसाठी: विद्यापीठं, प्रयोगशाळा, डेअऱ्या. अशा इमारतीत माणूस काम करायला जातो, बघायला जात नाही. उतारवयात त्यांनी दिल्लीचं इस्कॉन मंदिर केलं, ते १९९८ मध्ये खुलं झालं आणि तिथे लोकांची रीघ असते. मला स्वतःला ते डेअरीइतकं भावत नाही. शिखरांचा आकार तिथे आधी आला आहे, गरज मागून.

त्यांचं काम बघायला कानपूरपर्यंत जायची गरज नाही. नाशिकच्या शाळांच्या सहली ज्या वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरला जातात, ते त्यांचंच. पुण्यात बँक अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारी एनआयबीएम आहे, तीही. मुलांना घेऊन वरळीला गेलात तर आतले प्रयोग त्यांना बघू द्या आणि तुम्ही उजेड कुठून येतोय ते शोधा. एका दालनातून दुसऱ्यात जाताना कुठे वळावं लागतं, कुठे आपोआप पाय थांबतात, तेही बघा. आणि परत आलात की ऑफिसात या, मेहसाण्याचे आणखी फोटो माझ्याकडे आहेत.