तुमच्या माहेरी हे आहे का?

माझ्या गरोदरपणात रक्तदाब चढला, लघवीतून प्रथिने जाऊ लागली आणि आठवा महिना सरण्याआधीच सिझेरियन करावे लागले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांतील बहुतेकांनी मला एकच प्रश्न विचारला आहे: 'तुमच्या माहेरी हे कुणाला होते का?' आता माझ्या भाचीच्या होणाऱ्या सासरहूनही तोच प्रश्न आला आहे, म्हणून एकदा सविस्तर उत्तर देते.

होते. माझ्या वेळी आईला प्री-एक्लॅम्प्सिया, म्हणजे मला झाला तोच गर्भारपणातल्या रक्तदाबाचा विकार, झाला होता. आईला किंवा सख्ख्या बहिणीला तो झालेला असला की जोखीम वाढते, हे मी कधी नाकारलेले नाही. माझा आक्षेप प्रश्नातल्या 'माहेरी' या शब्दापाशी आहे. स्वीडनमधील जन्मनोंदींवरून २००४ मध्ये बांधलेल्या अंदाजानुसार या विकारात सुमारे ३५ टक्के वाटा आईच्या जनुकांचा, तर २० टक्के गर्भाच्या जनुकांचा आहे. आणि गर्भाची निम्मी जनुके बापाकडून येतात. एका स्त्रीला ज्याच्यापासून राहिलेल्या गर्भारपणात हा विकार झाला, त्याच पुरुषापासून दुसऱ्या स्त्रीला दिवस गेले तर तिचीही जोखीम जवळजवळ दुप्पट होते, असे नॉर्वेतील अभ्यासात १९९८ मध्येच दिसले होते.

हे सारे मी पुढे वाचले. त्या रात्री मला यातले काहीच माहीत नव्हते. या विकारात येऊ शकणारे झटके टाळण्यासाठी मॅग्नेशियम सुरू होते, अंगाची आग होत होती, आणि खाटेशेजारी उभी राहून एक तरुण डॉक्टर माहिती लिहून घेत होती. घरात कुणाला असा त्रास झाला होता का, असे तिने विचारताच सासूबाई म्हणाल्या, "हिच्या आईला." आईने मान खाली घालून हो म्हटले, जणू मुलीच्या लग्नात लपवलेला दोष आज उघडा पडला होता. डॉक्टरने ते लिहिले आणि सासूबाईंकडे वळून विचारले, "आणि तुम्हाला, यांच्या जन्माच्या वेळी?" त्या म्हणाल्या, "छे, मला काही नव्हते." तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या आत्याबाई सहज बोलून गेल्या, "वहिनी, असे काय करता? तुम्हाला झटके आले होते, दातखिळी बसली होती." सासूबाईंनी उत्तर दिले, "ते वेगळे होते. ते बाहेरचे होते." डॉक्टरने तेही लिहून घेतले, आईच्या नोंदीच्या खालीच.

ती दुसरी नोंद पाहून मला जे समाधान वाटले, ते आजही पुरते ओसरलेले नाही. प्री-एक्लॅम्प्सियातून जन्मलेल्या मुलग्यांच्या बायकांनाही हा विकार अधिक होतो, असे अमेरिकेतील यूटा राज्यातील नोंदींवरून २००१ मध्ये निघालेले आहे, आणि ते वाचताना मला आत्याबाई आठवल्या. मात्र सासूबाईंचे झटके नेमके कशाचे होते, हे सांगणारा एकही कागद आज नाही. आईच्या माथी मारलेला दोष उचलून मी त्यांच्या माथी मारते आहे, असे मला कधी वाटते. तर त्या खाटेवरची मी म्हणते, निदान निम्मा तरी मारू दे.

एखादी तपासणी करून निकाल लावावा, असेही तेव्हा वाटत असे. तशी तपासणी नाही. २०१७ मध्ये पहिला ठळक धागा मिळाला तो बाळाच्या जनुकसंचात, एफएलटी१ या जनुकाजवळ. या जनुकापासून बनणारे एक प्रथिन वारेतून आईच्या रक्तात अतिप्रमाणात उतरले की रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते आणि रक्तदाब चढतो. २०२३ च्या एका मोठ्या अभ्यासाने वीस हजारांहून अधिक रुग्ण स्त्रियांची माहिती तपासून प्री-एक्लॅम्प्सिया आणि गर्भारपणातील उच्च रक्तदाब यांच्याशी निगडित अशा जनुकसंचातील अठरा जागा दाखवल्या, परंतु त्यांतील एकेकीचा प्रभाव लहान आहे. शिवाय अशा अभ्यासांतील बहुतांश स्त्रिया युरोपीय वंशाच्या आहेत.

भाचीला माझे सांगणे एवढेच आहे की दिवस राहिले की पहिल्याच भेटीत डॉक्टरांना आजीचे आणि मावशीचे सांग. जोखीम अधिक असलेल्या स्त्रियांना बाराव्या आठवड्याच्या सुमारास कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू केली, तर वेळेआधी प्रसूती करायला लावणारा प्री-एक्लॅम्प्सिया बराच टळतो. ती द्यायची की नाही, हे डॉक्टर ठरवतील. आणि मुलाकडच्यांना माझा उलट प्रश्न आहे, की मुलाच्या वेळी त्याच्या आईचा रक्तदाब कसा होता? बहीण म्हणते, लग्न पार पडेपर्यंत हे विचारू नकोस. तिची भीती मला कळते, पण आमच्याकडची माहिती त्यांनी लग्नाआधीच मागितली आहे.