एका स्प्रिंगपायी सात आठवडे: माझा अनुभव

पत्रावर आठ-दहा चौकटी छापलेल्या होत्या आणि त्यांतल्या एकाच चौकटीत बरोबरची खूण होती: ‘वस्तूबाबत खुलासा करावा.’ कसला खुलासा, कोणापुढे, कुठले कागद जोडून, याबद्दल एक अक्षर नव्हते. ते पत्र अजून माझ्या अवजारांच्या पेटीत आहे आणि पेटी उघडली की आजही डोके तापते. परदेशातून आलेले माझ्या घडीच्या चाकूचे पार्सल अडवून ठेवणाऱ्या त्या कार्यालयाचे नाव मी लिहीत नाही. पण तिथे जे शिकलो ते लिहितो, म्हणजे दुसऱ्या कोणाचे सात आठवडे तरी वाचतील.

मी सावईवेऱ्याचा. गेली बावीस वर्षे गोव्यातल्या देवळांच्या उत्सवी नाटकांना प्रकाशयोजना करतो. जत्रांचा मोसम लागला की आज मांद्रे, उद्या काणकोण. मंडपातल्या बांबूला दिवा बांधताना एक हात दिव्याला लागतो, दुसरा शिडीला, आणि सुतळी कापायला तिसरा हात देवाने दिलेला नाही. साधा घडीचा चाकू उघडायला दोन हात हवेत: एका हातात मूठ, दुसऱ्या हाताचे नख पात्यावरच्या खाचेत. कटर वापरून बघितला. नायलॉनच्या दोरीवर त्याचे पाते तुटले आणि तुकडा खाली तबलजीच्या पुढ्यात पडला. त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हाच ठरवले, एका हाताने उघडणारा, पक्का लॉक होणारा चाकू घ्यायचा.

आणि तो सुंदर असायला हवा होता. लोकांना हे पटत नाही, पण माझ्या दृष्टीने ती तितकीच महत्त्वाची अट होती. वडिलांकडे मोरांचा पितळी अडकित्ता होता, पानाच्या बटव्यात चाळीस वर्षे. रोज हातात येणारी वस्तू डोळ्यांनाही बरी वाटावी हे मी त्या अडकित्त्यावरून शिकलो. शिवाय सभामंडपात काळाकुट्ट, दातेरी, लष्करी दिसणारा चाकू बाहेर काढला की आजूबाजूच्या बायका मुलांना मागे ओढतात. शिंपल्याचे जडावकाम असलेली मूठ दिसली की त्याच बायका विचारतात, ‘भाऊ, हे कुठून आणलं?’

निवड करायला फार वेळ लागला नाही. मला हवा होता तो ‘असिस्टेड’ प्रकार. यात पाते अंगठ्याने किंवा मागच्या छोट्या पाकळीने, म्हणजे फ्लिपरने, आपण स्वतः थोडे ढकलायचे. तेवढे उघडले की आतली स्प्रिंग उरलेले काम करते. बंद असताना तीच यंत्रणा पाते आत धरून ठेवते. अमेरिकेतल्या केन ओनियन या कारागिराची अशी रचना नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कर्शॉ कंपनीच्या चाकूंत आली आणि पुढे हा प्रकार सर्रास झाला. बटणाचा चाकू वेगळा. त्यात पात्याला हात लावावा लागत नाही, मुठीवरचे बटण दाबले की पाते सटकन बाहेर. हा फरक लक्षात ठेवा. माझे सगळे घोडे पुढे इथेच अडले.

माझा भाचा टेक्सासला असतो. चतुर्थीला येणार होता, सुटी मिळाली नाही, म्हणून त्याने मी निवडलेला चाकू टपालाने पाठवला: सात सेंटिमीटर पाते, लायनर लॉक (मुठीतली पातळ पट्टी उघडलेले पाते अडवून धरते तो), मुठीत शिंपल्याचे तुकडे. आमच्या जुन्या घरांच्या खिडक्यांना शिंपले असत ना, तसाच दुधी-निळा उजेड त्यांतून परततो. आणि त्याने प्रामाणिकपणे पार्सलवर लिहिले: ‘स्प्रिंग असिस्टेड नाइफ’.

त्या एका ‘स्प्रिंग’ शब्दाने पार्सल अडले.

पहिल्यांदा गेलो तेव्हा सांगितले, हे बघणारे साहेब रजेवर आहेत. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा साहेब होते, पण बिल हवे म्हणाले. मी म्हटले, भेट आहे, बिल भाच्याकडे. ‘मग ते मागवा.’ बिल मागवले, छापले, आधार कार्डाची प्रत जोडली, तिसऱ्यांदा गेलो. सावईवेऱ्याहून फोंडा, फोंड्याहून पुढची बस, आणि दारात पोचायला साडेअकरा. साहेबांनी बिल हातात घेतले, त्यावरही ‘स्प्रिंग’ हा शब्द वाचला आणि कागद खिडकीतून परत सरकवला. ‘बटणाचा चाकू सुटत नाही. हे शस्त्र आहे.’

मी म्हटले, साहेब, याला बटण नाही. ते म्हणाले, स्प्रिंग आहे म्हणजे बटण आहे. मागे रांगेत अकरा माणसे. मी बोलत राहिलो तर त्यांची कामे अडणार, आणि बाजूला झालो तर माझे अडणार. बाजूला झालो. परतीच्या बसमध्ये इतका संताप होता की वाहकाने सुटे पैसे मागितले तर त्याच्यावरच ओरडलो. उतरताना त्याची माफी मागितली.

त्या रात्री बसून सगळे शोधले. जकातीच्या सूचीत ८२ वे प्रकरण अवजारांचे आणि कटलरीचे, ९३ वे शस्त्रांचे. चाकूंचा मथळा ८२११, आणि त्यात पाते मुठीत स्थिर नसलेल्या, म्हणजे घडीच्या चाकूंसाठी ८२११ ९३. तलवारी, संगिनी, भाले हे ९३०७ मध्ये. कोणत्याही कागदावर भाच्याने किंवा मी ८२११ ९३ हा क्रमांक लिहिलेला नव्हता. दुसरे, शस्त्र नियमांतली ओळ: परवाना लागणाऱ्या धारदार शस्त्रांच्या यादीत पाते ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद, आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळलेली. माझ्या चाकूचे पाते पावणेतीन इंचांच्या जरासे वर.

चौथ्यांदा गेलो तो एका पानाचा अर्ज घेऊन. भाच्याकडून फोटो मागवले होते, त्याने पाठवण्याआधी काढून ठेवले होते म्हणून बरे. मिटलेला चाकू दोन्ही बाजूंनी, शेजारी पट्टी ठेवून. उघडलेला चाकू, तसाच. फ्लिपरवर बाण. खाली तीन वाक्ये: पात्याची लांबी-रुंदी इतकी, मुठीवर बटण नाही, पाते हाताने ढकलल्याशिवाय उघडत नाही. वर मोठ्या अक्षरांत ८२११ ९३. या वेळी खिडकीत एक बाई होत्या. त्यांनी पूर्ण पान वाचले. एवढ्या दिवसांत कोणी पूर्ण पान वाचायची ती पहिलीच वेळ. म्हणाल्या, ‘काका, हे पहिल्याच दिवशी का नाही दिलं?’

मी पत्र पुढे केले. चौकट, खूण, ‘खुलासा करावा’. त्या काही बोलल्या नाहीत, पण पत्राची प्रत काढून फाइलला लावली.

पाचव्या खेपेला पार्सल माझ्यासमोर उघडले. तेच साहेब होते. बाईंनी त्यांना चाकू दिला आणि म्हणाल्या, बटण शोधा. साहेबांनी मूठ सगळीकडून दाबली. शिंपला दाबला, स्क्रू दाबले, क्लिप दाबली. पाते हलले नाही. उलटा धरून हलवला, तरी नाही. मग मी विचारून हातात घेतला, फ्लिपर बोटाने मागे ओढला आणि पाते उघडले. साहेब म्हणाले, ‘अच्छा, पाते आपणच ढकलायचं.’ पावती फाडली, शुल्क भरले, सही केली. सात आठवडे आणि पाच खेपा, आणि हे शेवटचे काम सहा मिनिटांचे. बाहेर येऊन चहा घेतला तेव्हा हात थरथरत होते. आनंद होता, आणि राग गेलेला नव्हता.

म्हणून परदेशातून मागवणार असाल तर पाठवणाऱ्याला आधीच सांगा: पार्सलवर ‘घडीचा चाकू, हाताने उघडणारा’ असे लिही, पात्याची लांबी लिही, क्रमांक लिही, बिलाची प्रत आत घाल. स्प्रिंग लपवायची नाही, पण उघडण्याची रीत पूर्ण वाक्यात लिहायची. सुट्या शब्दाचा अर्थ समोरचा त्याच्या मनाप्रमाणे लावतो.

इंग्लंडहून मागवू नका. माझी मावसबहीण स्विंडनला आहे, आधी तिलाच विचारले होते. तिथे २०१९ च्या कायद्याने अर्धवट उघडलेल्या स्थितीतून स्प्रिंगने उघडणारे चाकूही बंदीत आले आहेत. तिने चौकशी केली म्हणून बरे झाले, नाहीतर ती अडचणीत आली असती.

पाते सात सेंटिमीटरच का, हेही सांगायला हवे. आमचे नाटक कधी दिल्लीला गेले तर म्हणून. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेप्रमाणे बटणाचे, गरारीचे (दातेरी चक्राचे) किंवा यांत्रिक युक्तीने उघडणारे चाकू ७.६२ सेंटिमीटर लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद किंवा त्याहून मोठे असतील तर परवाना लागतो. ७.६२ म्हणजे नेमके तीन इंच, आणि बाजारातले कितीतरी देखणे चाकू नेमके तीन इंचांचेच असतात. अर्धा सेंटिमीटर लहान घेतला तर काम तेवढेच होते. गोव्यातही निवडणुकीच्या दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांचे हत्यारबंदीचे आदेश निघतात. त्या दिवसांत चाकू पेटीत ठेवतो, खिशात नाही. विमानतळ दाबोळीचा असो की मोपाचा, विमानात हातातल्या पिशवीत नेता येत नाही, सामानात द्यावा लागतो.

सजावटीबद्दल एक राहिले. ‘दमास्कस’, म्हणजे थर जोडून घडवल्याने लाटांसारखी नक्षी दिसणारे पोलाद, म्हणून स्वस्तात विकतात त्यावरची नक्षी बऱ्याचदा नुसती वर कोरलेली असते. आणि खरे दमास्कस बहुधा गंजणाऱ्या पोलादाचे असते, आपल्या पावसाळ्यात आषाढ संपायच्या आत ठिपके येतात. डी२ हे पोलादही पूर्ण स्टेनलेस नाही. आपल्या खाऱ्या हवेला १४सी२८एन सारखे स्टेनलेस बरे. इंद्रधनुषी पाते दिसते त्यावर बहुतेकदा रंग नसतो, टायटॅनियमच्या अगदी पातळ थराचा तो खेळ असतो. घासत राहिलात तर जाऊ शकतो.

खोबरेल घालू नका. मी घातले होते. चोवीस-पंचवीस अंशांखाली ते थिजते, आणि डिसेंबरात सत्तरी तालुक्यात पहाटे नाटक संपताना चाकू अर्ध्यावर अडकला. शिलाई मशीनचे पातळ तेल, एक थेंब, पात्याच्या खिळीपाशी. विकत घेताना लॉक तपासायचा तर उघडलेल्या पात्याची बोथट पाठ लाकडावर जोर लावून दाबा. मिटले तर तो चाकू परत द्या, मूठ कितीही सुंदर असो.

परवा म्हार्दोळात शिडीवर होतो. दुसऱ्या अंकाआधी झालरीची दोरी कप्पीत अडकली. डाव्या हाताने दिवा धरला, उजव्याने खिशातून चाकू काढला, फ्लिपर ओढला, दोरी कापली, पाते मांडीवर टेकवून मिटवले. खाली हार्मोनियम सुरू झाले होते.