राहू दे गं

रविवार, १६ नोव्हेंबर

काल ताई आली होती. आईच्या हयातीच्या दाखल्याचा फॉर्म छापून हवा होता. अर्धा नोव्हेंबर सरला तरी तो अजून गेलेला नाही. म्हटलं, बस माझ्या मशीनवर, ब्राउझर उघडून ठेवलाय, तोवर मी चहा टाकते. चहा गाळून बाहेर येते तर ती खुर्चीतून उठून ओढणी सारखी करत होती. “राहू दे गं, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे काढते. पाच-दहा रुपयांचं तर काम.”

प्रिंटर टेबलाखालीच होता. चालू होता, कागद भरलेला होता.

ती रागावली नव्हती. चहा प्यायली, धाकट्याच्या क्लासचं बोलली, वाड्याच्या कागदांचं बोलली (त्यावर आज लिहायचं नाही) आणि गेली. मग मी तिच्या जागी बसून तिला काय दिसलं असेल ते पाहिलं. फॉर्म झथुरा या पीडीएफ दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडलेला होता. माझ्याकडे सगळ्या पीडीएफ तिथेच उघडतात. झथुराला मेनू नाही, बटणं नाहीत, बाजूची सरकपट्टीसुद्धा नाही. छापायचं असेल तर कोलन दाबून पुढे ‘प्रिंट’ टाइप करायचं. तिने उजवं क्लिक करून पाहिलं असणार. खिडकी बंद करायला कोपऱ्यातली फुली शोधली असणार. फुली नाहीच, मी खिडक्यांचे मथळेच काढून टाकलेत. स्टार्टसारखं काही नाही, खाली पट्टी नाही, डेस्कटॉपवर एक चिन्ह नाही. परक्या स्वयंपाकघरात मिठाचा डबा सापडत नाही म्हणून हात आवरून बाहेर यावं, तशी ती उठली असेल.

तरी मला लागलं. आणि नक्की काय लागलं ते कालपासून कळत नाही.

तिने हाक मारली नाही, हे का? “अगं, हे छापायचं कुठून?” एवढं विचारलं असतं तर मी ओल्या हाताने आले असते. पण ते नाही वाटत. माझ्या मशीनवर तिला वावरता आलं नाही, हे? मग ते तर मीच मुद्दाम तसं केलंय. स्वे वापरायला लागले तेव्हाच ठरवलं होतं की माउसला हात कमीत कमी लागला पाहिजे. आय३ हा जुना विंडो मॅनेजर, म्हणजे पडद्यावर खिडक्या मांडणारा प्रोग्राम. त्याच्याच वळणावर, वेलँड या पडद्यावर चित्र उमटवण्याच्या नव्या पद्धतीसाठी लिहिलेला हा स्वे. त्याची सगळी मांडणी एका साध्या मजकुराच्या फाइलीत असते. कोणती कळ दाबली की काय व्हायचं, कडा किती जाड, रंग कोणता, सगळं आपण लिहायचं. लिहिलं नाही तर तिथे ते नसतं. माझ्या दोन खिडक्यांमध्ये आठ पिक्सेलांची फट आहे. सहा केली तर प्रुफाचं पान आणि मूळ हस्तलिखित एकमेकांना चिकटल्यासारखं वाटतं, दहाला ओळ तुटते. संध्याकाळी स्क्रीन पिवळसर व्हावी म्हणून डब्ल्यूएलसनसेट या छोट्या प्रोग्रामला नाशिकचे अक्षांश-रेखांश दिलेत, २० आणि ७३.८. ते त्यावरून इथल्या सूर्यास्ताची वेळ काढतं. मुळात ते रात्री रंगाचं तापमान ४००० केल्विनपर्यंत उतरवतं (आकडा कमी तितका पिवळेपणा जास्त), मी ४५०० वर थांबवलंय, कारण त्याखाली गेलं की लाल पेनाच्या खुणा मळकट दिसतात.

हे कोणाला सांगायचं? घरात कोणी विचारत नाही. दिवाणखान्यातला सोफा, स्वयंपाकघरातली फडताळं, पडदे, सगळ्यावर कोणाचा ना कोणाचा हात फिरलाय, आणि ते ठीकच आहे, एकत्र घर आहे. पण ही चौदा इंचांची जागा तेवढी मी माझ्या मनासारखी लावली. तिच्यासमोर बसून माझं माणूस दोन मिनिटांत उठलं. काल रात्री हेच घोळत राहिलं, की मी इतके दिवस जे करते ते कोणाच्याच उपयोगाचं नाही, दिसतही नाही. बघणाऱ्याला नुसता काळा पडदा.

आणि त्यात ताई! दुसरं कोणी असतं तर एवढं वाटलं नसतं.

कारण आमचा पहिला लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली, आम्हा दोघींचा होता. उबुंटू या लिनक्सची सीडी टपालाने फुकट यायची तेव्हा (२०११ मध्ये ती सोय बंद झाली). आमचं ८.०४ आवृत्तीचं होतं, तपकिरी रंगाचं, भिंतीवर मोठा बगळा. काँपिझ घालून आम्ही डेस्कटॉपचा घन केला होता. कंट्रोल-ऑल्ट धरून माउस फिरवला की सगळी स्क्रीन ठोकळ्यासारखी वळायची आणि खिडकी ओढली की लोण्यासारखी लवायची. ताई मैत्रिणींना घरी बोलावून दाखवायची. चित्र कोणतं लावायचं यावर भांडणं व्हायची. एकच लॉगिन होतं, त्यामुळे सकाळी तिने लावलेलं मी दुपारी काढायचे. मग २०११ च्या एप्रिलमध्ये ग्नोम या डेस्कटॉपची तिसरी आवृत्ती, ग्नोम ३, आली, पाठोपाठ जुनं पॅनेल, जुना मेनू गेला. मी माते (MATE) या दुसऱ्या डेस्कटॉपकडे वळले, कारण तिथे जुनं ग्नोम २ चालू ठेवलं होतं. त्याच वर्षी ताईचं लग्न झालं. त्यानंतर या यंत्रावर तिचं असं काही राहिलं नाही. हे मी आज पहिल्यांदाच लिहितेय.

म्हणजे लागलं ते हे असेल का? माहीत नाही. असेलही.

आज दुपारी भांडी आवरताना मात्र एक आठवलं. चप्पल घालता घालता तिने विचारलं होतं, “वरचं घड्याळ मराठीत केलंयस का गं?” मी नुसतं हो म्हटलं आणि दार लावलं. त्या अख्ख्या स्क्रीनवर तिच्या नजरेला तेवढंच आलं होतं. आणि खरं सांगायचं तर माझं सगळ्यात जास्त काम त्याच एका कोपऱ्यात आहे.

वरच्या पट्टीवर वार-तारीख लिहिणारी एक छोटी स्क्रिप्ट आहे. ती डेट या आज्ञेला मराठी लोकेल (भाषा-प्रदेशाची मांडणी) देऊन वार काढते, मग सेड या मजकूर बदलणाऱ्या आज्ञेच्या एका ओळीने इंग्रजी आकडे देवनागरी करते. हे सोपं होतं. अडलं ते शनिवारी. पट्टीवर ‘शनिवार’ आलं, पण त्यातला श हिंदी वळणाचा. एरवी मंगळवार-बुधवारी काही जाणवत नाही, शुक्रवारी आणि शनिवारी मात्र डोळ्यात खुपायचं. जुलै आला की ल चं तेच. दिवसभर प्रुफांमध्ये देठाचा श आणि पाकळीचा ल बघणाऱ्या माणसाला ते सहन होत नाही. शासनाच्या वर्णमालेच्या निर्णयात हीच वळणं आहेत.

फाँट बदलून पाहिला. शोभिका घातला, नोटो घातला, टिरोही घातला. टिरो देवनागरी मराठी मुळातच मराठी वळणाचा, त्यामुळे त्यात बरोबर दिसायचं, पण पट्टीच्या बारीक आकारात मला सरळसोट अक्षर हवं होतं. शेवटी खोड फाँटमध्ये नाहीच हे समजलं. युनिकोडला ल एकच, श एकच. कोणत्या वळणाचा काढायचा ते फाँट मजकुराच्या भाषेवरून ठरवतो. माझं मशीन इंग्रजीत चालतं. अक्षरं मांडणारी पँगो ही लायब्ररी देवनागरी मजकूर पाहते, भाषा कोणी सांगितलेली नसते, तेव्हा ती हिंदी धरते. नोटोमध्ये मराठी श आणि ल आधीपासून होते, त्यांना कोणी बोलावत नव्हतं. लॉगिनच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या फाइलीत पँगोच्या भाषेपुढे ‘एमआर’ (मराठीची खूण) लिहिलं, बाहेर पडून परत आत आले, आणि शनिवारच्या श ला देठ आला. लिब्रेऑफिसचा हिशेब वेगळा, तिथे परिच्छेदाची भाषा मराठी नेमावी लागते. फायरफॉक्समध्ये पान बनवणाऱ्याने भाषा सांगितली असेल तरच. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, जोडाक्षरं अजून रकान्यांत बसत नाहीत, ते मी सोडून दिलंय.

तर ताईने पाहिलं ते हे. तिला श दिसला असेल असं मी म्हणत नाही. तिला वार दिसला, मराठीत आहे एवढं दिसलं. पण ते सहज वाचता आलं म्हणूनच तिने विचारलं ना? खुपलं असतं तर काहीतरी वेगळं बोलली असती.

हे आठवल्यावर कालचा ताण जरा सैल झाला. झथुरा माझ्यासाठी आहे, कोलन माझ्या बोटांसाठी आहे, त्यात तिला वावरता यावं म्हणून मी आता फुल्या आणि पट्ट्या परत आणणार नाही. दिवसाचे आठ-आठ तास मी या पडद्यापुढे असते, आणि इथे काहीही शोधावं लागत नाही म्हणून माझं मुद्रितशोधन नीट होतं. ते मला टिकवायचं आहे. ताईने राहू दे म्हटलं यात तिचंही काही चुकलं नाही. तिला फॉर्म हवा होता.

मग संध्याकाळी बसून तिच्या नावाने वेगळं लॉगिन केलं. माझ्याकडे डेबियन १३ हा लिनक्स आहे, त्यात ग्नोम ४८ होतंच, नुसतं टाकून घ्यायचं होतं. लॉगिनच्या पडद्यावर तिने नाव निवडलं की ग्नोम सुरू होईल, माझ्या नावावर स्वे. अक्षर मोठं करायची खिटी चालू केली, त्याने सगळं सव्वापट होतं. तिला चष्मा लागलाय आणि ती तो पर्समध्येच ठेवते. मेनू इंग्रजीतच ठेवले. ग्नोमचा मराठी अनुवाद मध्येच तुटतो, एक ओळ मराठी आणि पुढची इंग्रजी, त्यापेक्षा एक काय ते धड बरं. तारीख-वार मात्र मराठीत, आणि पँगोची ती ओळ तिच्याही खात्यात घातली. पीडीएफ साध्या दर्शकात उघडेल, छापायची आज्ञा मेनूत दिसेल.

रंगाचं काय करायचं यावर थांबले. पूर्वीसारखी अख्खी थीम बदलायची म्हटलं तर ग्नोमच्या नव्या प्रोग्रामांना ती लागत नाही, २०२२ मधल्या ग्नोम ४२ पासून ते लिबअद्वैता या लायब्ररीचं स्वतःचं रूप धरून असतात. पण ग्नोम ४७ पासून सेटिंगमध्ये नऊ रंग दिलेत, त्यातला हवा तो घेता येतो. मी हिरव्यावर बोट नेलं होतं. मग तसाच निळा राहू दिला. भिंतीवरचं चित्रही बदललं नाही. ते तिचं ती लावेल.

प्रिंटर तिच्या खात्यातून जोडून पाहिला, चाचणीचं पान निघालं. फॉर्मही तिच्या डाउनलोड्समध्ये ठेवलाय, झेरॉक्सवाल्याकडे अजून गेली नसेल तर. पासवर्ड तात्पुरता दिलाय आणि लगेच मुदत संपलेला करून ठेवलाय, म्हणजे पहिल्यांदा आत येतानाच मशीन तिच्याकडे नवा मागेल. उद्या फोन करून बुधवारी येतेस का विचारते. वाड्याच्या कागदांचंही तेव्हाच बोलू.