चोडणचा चिखल

कळंगुटला एक संध्याकाळ गेली. वाळूपेक्षा माणसं जास्त आणि माणसांच्या वरताण गाणी, बाकी सांगण्यासारखं काही नाही. जुन्या गोव्यातली चर्च आणि मंगेशीची दीपमाळही पाहिली, पण सगळं धावतपळत. लिहायचंय ते चोडण बेटाबद्दल.

रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की धक्क्यालगतच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य. जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचं, सगळं खारफुटीचं. होडीवाला बीडी विझवत म्हणाला, "आता सुकती. भरती येऊ दे, मागीर जाऊ." एवढ्या लांबून येऊन ताटकळायचं म्हणजे माझं डोकंच फिरलं. चरफडत पायवाटेच्या कडेला बसलो.

बसलो म्हणून निवटी दिसली. बोटाएवढा मासा, डोळे थेट टाळक्यावर, आणि परांवर रेटत चक्क चिखलातून चाललेला! मधेच डोळा आत ओढून ओला करून घेई. अंग ओलं असेल तर ह्याला हवेतही श्वास घेता येतो. शेजारी एक खेकडा आपली अवाढव्य नांगी वर-खाली हलवत होता, चौकातल्या ट्रॅफिक हवालदारासारखी. हा नराचा थाट, मादीच्या दोन्ही नांग्या लहानच. पक्षी बघायला आलेला मी, बगळ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मग मावसभाऊ खाजनाच्या बांधावर घेऊन गेला. खाजन म्हणजे खाडीलगत बांध घालून मिळवलेली शेतजमीन. बांधात लाकडी झडपांचं दार असतं, त्याला इथे मानस म्हणतात. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं आणि झडप आपोआप मिटते. ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. ना मोटर, ना वीज. पाणी बाहेर पडताना तोंडाशी जाळं लावलं की सुंगटं, म्हणजे कोळंबी, मिळतात. पण बांध फुटला आणि वेळेत बुजवला नाही, तर खारं पाणी शेतात शिरतं नि थोड्या वर्षांत तिथे खारफुटी माजते. अशी दोन-तीन शेतं भावाने दाखवली. दुरुस्ती कोणी करायची ह्यावर तो जे बोलला, ते इथे लिहिता येणार नाही.

घरी मावशीने सुंगटांचं हुमण केलं होतं. सोबत कोरगूट, खाऱ्या जमिनीतही तग धरणारा लालसर भात. "पुरे" म्हटलं की मावशीला "आणखी वाढ" असंच ऐकू येतं. दुपारी भरती आली, होडीवाल्याचा फोनही आला. मी तेव्हा ओसरीवर घोरत होतो म्हणे.