आटे आणि आटापिटा

जुनी टूरिंग सायकल, म्हणजे सामान लादून लांबच्या प्रवासाला नेण्याची सायकल, बघायला गेलं की नजर आधी रंगावर जाते, मग गंजावर, मग फाटक्या सीटवर, आणि तिथेच अडकते. वास्तविक मळ, वरवरचा गंज, भेगाळलेले टायर यांचा घोर लावून घ्यायचं कारण नाही. ते आहेत म्हणून तर सायकल स्वस्तात मिळते आहे. विचारायचा प्रश्न एकच: ही उघडते का? सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) हलतो का, स्टेम (हँडल धरून ठेवणारा दांडा) फिरतो का, पॅडल सुटतं का? मळ एका रविवारी निघतो. वर्षानुवर्षं एकमेकांना धरून बसलेले दोन धातू मात्र महिनाभर दाद देत नाहीत.

टूरिंग सायकल आणि नुसती वाकड्या हँडलची सायकल यांत फरक असतो. त्यासाठी मागच्या चाकाच्या एक्सलपासून, क्रँक (पॅडल बसवलेली भुजा) ज्याभोवती फिरते त्या मध्यापर्यंत टेप धरायची. शर्यतीच्या सायकलीत हे अंतर 410 मिलिमीटरच्या आसपास भरतं, टूरिंगमध्ये साधारण 430 ते 460. मागे पिशव्या लटकवल्यावर पॅडल मारताना टाच त्यांना लागू नये, म्हणून ही ऐसपैस लांबी. मग चाक बसतं त्या खाचेशेजारी कॅरिअर आणि मडगार्डचे स्क्रू बसायला आटे पाडलेली भोकं आहेत का ते बघायचं. टायर आणि ब्रेकच्या मध्ये मडगार्ड मावेल एवढी जागा हवी, आणि मागच्या चाकाला किमान 36 स्पोक. काही सायकलींना 40 असतात, तेव्हा बनवणाऱ्याने ओझ्याचा विचार केला होता हे नक्की. स्पोक नंतर वाढवता येतात, नव्या चाकाच्या खर्चात. फ्रेमची लांबी वाढत नाही.

या सायकलींना शर्यतवाल्यांच्या मानाने नेहमी दुय्यम समजलं गेलं. गंमत अशी, की डिरेलर गिअर, म्हणजे चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारे गिअर, आधी वापरले ते फिरस्त्यांनीच. टूर द फ्रान्समध्ये त्यांना परवानगी मिळाली 1937 साली, आणि तोवर फ्रान्समधले हौशी प्रवासी कित्येक वर्षं गिअर बदलत घाट चढत होते. अमेरिकेत 1976 साली बाइकसेंटेनियल या सामूहिक सायकलसफरीच्या निमित्ताने हजारो लोक सायकलवरून देश ओलांडायला निघाले, आणि पुढची काही वर्षं टूरिंग सायकलींना बरे दिवस आले. ऐंशीच्या दशकात माउंटन बाइक आली आणि तिने ही जागा घेतली. कमी पैशात हात घालायचा तर त्या मधल्या काळातली सायकल बघावी. पोलाद चांगलं, सुटे भाग अजून मिळतात आणि संग्राहकांची झुंबड तुलनेने कमी.

फ्रेमवर ‘रेनॉल्ड्स 531’ या नावाजलेल्या पोलादी नळीचा स्टिकर दिसला की विकणाऱ्याचा आवाज चढतो. ही नळी 1935 पासूनची, आणि आहे खरोखर उत्तम. पण स्टिकर कोणीही चिकटवू शकतं. सीटपोस्ट बाहेर काढून त्याचा व्यास मोजावा. 27.2 मिलिमीटर आला तर नळी बहुधा पातळ आणि दर्जेदार, 25.4 आला तर जाड आणि साधी. साधी म्हणजे वाईट नव्हे, थोडी जड, एवढंच. घासाघीस करताना मात्र हा आकडा हाताशी असावा.

मग हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या उभ्या नळीच्या) मागे, वरच्या आणि खालच्या नळीच्या खालच्या अंगाने बोट फिरवायचं. तिथे सुरकुती किंवा बारीक फुगवटा लागला, तर सायकल कधीतरी समोरून जोरात आदळली आहे. ती सोडून द्यावी, कितीही स्वस्त असली तरी. बोटाला काही लागलं नाही तर सुतळी घ्यायची: मागच्या एका खाचेला बांधून, हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या खाचेला आणायची आणि ताणायची. सीट ट्यूबपासून (सीटखालच्या नळीपासून) दोन्ही बाजूंचं अंतर सारखं भरलं पाहिजे. एक-दोन मिलिमीटरचा फरक सरळ करता येतो. सात-आठ मिलिमीटर असेल, तर नमस्कार करून घरी परतावं.

इथवर पास झाली की खरा आटापिटा सुरू होतो, तो आट्यांशी. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात हे बहुतेकांना माहीत असतं. का, हे कमी जणांना. पॅडलचा दांडा क्रँकच्या भोकात किंचित डुलतो, आणि त्या डुलण्यामुळे तो पॅडल फिरतं त्याच्या उलट दिशेने कणाकणाने सरकत राहतो. डावीकडे सुलटे आटे असते तर चालवता चालवता पॅडल गळून पडलं असतं. याच कारणाने इंग्रजी धाटणीच्या बॉटम ब्रॅकेटमध्ये (क्रँकच्या आसाच्या बेअरिंगमध्ये) उजवा कप, म्हणजे छर्ऱ्यांची वाटी, उलट्या आट्यांचा असतो, तो सोडवायला पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावा लागतो. इटालियन आणि जुन्या फ्रेंच सायकलीत मात्र दोन्ही कप सुलटे. म्हणजे कुठलं घराणं आहे हे न बघता जोर लावला, तर तासभर घाम गाळून आपण तो कप आणखी घट्टच करत बसतो. ओळखायची रीत सोपी आहे. कपावर बहुतेक वेळा कोरलेलं असतं: 1.37 x 24 म्हणजे इंग्रजी, 36 x 24 म्हणजे इटालियन, 35 x 1 म्हणजे फ्रेंच. अक्षरं झिजली असतील तर शेलची, म्हणजे हे कप बसतात त्या फ्रेमच्या आडव्या नळीची, रुंदी मोजावी. 70 मिलिमीटर आली तर इटालियन. 68 मध्ये इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही येतात, तिथे बाकीच्या खुणा बघाव्या लागतात. कमी खर्चात काम भागवायचं तर इंग्रजी आट्यांची सायकल घ्यावी हे माझं ठाम मत. फ्रेंच सायकल दिसायला देखणी, पण तिचा स्टेम 22.0 मिलिमीटरचा, जगाचा 22.2 चा. या 0.2 मिलिमीटरपायी शोधाशोध करताना सायकलीपेक्षा टपालखर्च जास्त होतो.

क्रँक ओढून काढायच्या पुलरपाशी सगळ्यात जास्त नुकसान होतं. आधी बोल्ट काढायचा, आणि त्याच्या मागचा वायसरही. हा वायसर काळ्या ग्रीसमध्ये लपलेला असतो आणि नेमका तोच विसरला जातो. मग पुलर हाताने, तिरका न जाऊ देता, शेवटच्या आट्यापर्यंत आत बसवायचा. तीन-चार आट्यांवरच धरून पाना फिरवला तर पोलादाचा पुलर ॲल्युमिनियमचे आटे सालासारखे सोलून बाहेर येतो आणि क्रँक जागच्या जागी. कॉटरपिनची (आडव्या खिळीने अडकवलेली) क्रँक असेल तर पुलरचा प्रश्न नाही, हातोडीचा आहे. नट काढून न टाकता आट्यांच्या टोकाशी आणून ठेवायचा, क्रँकला खालून लोखंडी पाइपचा टेकू द्यायचा आणि एकच सणसणीत घाव घालायचा. हलक्या हाताच्या वीस ठोक्यांनी पिन वाकते, निघत नाही.

स्टेमचा बोल्ट चार-पाच फेरे सैल करून त्याच्या डोक्यावर लाकूड ठेवून ठोकलं, की आतला वेज (पाचर) खाली पडतो आणि स्टेम मोकळा होतो. बोल्ट पूर्ण काढायचा नाही, वेज आत कुठेतरी राहून जातो. अडकलेल्या सीटपोस्टला लोक घाईने गरम करतात. पण ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणजे सगळं एकदम तापवलं तर पकड आणखी घट्ट. बर्फ लावून पोस्ट थंड करावा, आत झिरपणारं तेल सोडून दोन-तीन दिवस थांबावं आणि मग पिळावं. पोस्ट पक्क्या व्हाइसमध्ये धरून फ्रेमच फिरवली तर तरफ लांब मिळते.

हीच युक्ती फ्रीव्हीलला, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या गठ्ठ्याला. त्याच्या खाचांना जुळणारं टूल व्हाइसमध्ये उभं धरायचं, चाक त्यावर आडवं ठेवायचं आणि मोटारीच्या स्टिअरिंगसारखं डावीकडे फिरवायचं. चाक हाच पाना. म्हणून रिम बदलायची असली तरी फ्रीव्हील उतरवल्याशिवाय स्पोक कापू नयेत. नुसता हब (चाकाचा मधला तुंबा) हातात उरला की धरायला काही राहत नाही.

उघडल्यावर काम सोपं. मागच्या हबमध्ये सहसा पाव इंची छर्रे दर बाजूला 9, पुढच्यात 3/16 इंची दर बाजूला 10, बॉटम ब्रॅकेटमध्ये पाव इंची दर बाजूला 11. उघडतानाच मोजून लिहून ठेवावेत. जुने छर्रे परत टाकू नयेत, सगळ्यात स्वस्त वस्तू आहे ती. कोन, म्हणजे छर्रे दाबून धरणारा शंकूसारखा नट, ठीक आहे का हे बॉलपेनच्या टोकाने कळतं: छर्रा धावतो त्या चाकोरीतून टोक फिरवायचं, कुठे अडकलं तर खड्डा पडला आहे. डोळ्यांना न दिसलेला खड्डा पेनाला लागतो. क्विक रिलीजचं (लिव्हर दाबून आवळायचं) चाक असेल तर कोन आवळताना अगदी किंचित खेळ ठेवावा, लिव्हर दाबल्यावर तो नाहीसा होतो. आधीच नेमकं आवळलं तर चाक जड फिरतं.

चेन 12 इंच मोजावी, पिनच्या मध्यापासून मध्यापर्यंत. 1/16 इंच वाढली असेल तर चेन बदलायची. 1/8 इंच वाढली असेल तर फ्रीव्हीलचे दातेही तिच्याबरोबर गेले, नवी चेन त्यांच्यावरून घसरणार. चाकांचंही असंच आकड्यांचं गणित आहे. जुन्या टूरिंगला बहुतेक 27 इंची रिम असते, तिचा टायर बसण्याचा व्यास 630 मिलिमीटर; आजच्या 700सी मापाच्या रिमचा 622. फरक 8 चा, म्हणजे ब्रेकचे रबर 4 मिलिमीटर खाली यायला हवेत. ब्रेकच्या खाचेत तेवढी जागा आहे का हे चाकं विकत घेण्याआधी बघावं, नंतर नव्हे. रिम पोलादी असेल तर पैसे तिथेच खर्च करावेत, कारण पावसात तिच्यावर ब्रेक लागेपर्यंत चौक ओलांडून झालेला असतो. रंग मात्र नवा देऊ नये. ओरखडे राहू द्यावेत, वर मेण घासावं. क्रोमवरचा गंज पाण्यात बुडवलेल्या ॲल्युमिनियमच्या फॉइलने घासला तरी निघतो.

गिअर फ्रिक्शनचेच ठेवावेत. त्यांना टकटक टप्पे नसतात, म्हणून कुठलाही डिरेलर कुठल्याही फ्रीव्हीलशी नांदतो आणि मिळेल तो स्वस्त भाग चालून जातो. सनटूर कंपनीचा जुना डिरेलर मिळाला तर सोडू नये. त्याच्या तिरक्या समांतरभुज चौकोनाच्या सांगाड्याचं पेटंट 1964 चं, आणि ते संपल्यावर बाकीच्यांनीही तीच रचना उचलली.

पहिल्या 50 किलोमीटरनंतर क्रँकचे बोल्ट पुन्हा आवळायचे, नव्या वायरी ताणल्या गेल्या असतील त्या ओढून घ्यायच्या आणि चाकांचा आउट (डगमग) पुन्हा बघायचा. आणि चढावर गिअर आपोआप घसरून जड झाला तर डिरेलरला दोष देऊ नये. लिव्हरचा स्क्रू ढिला झालेला असतो. पुष्कळ जुन्या लिव्हरांवर त्या स्क्रूला एक छोटी तारेची कडी असते. ती बोटाने उभी करायची आणि सायकल चालवता चालवता पाव फेरा द्यायचा. एवढ्या सगळ्या सायकलीत हा एक आटा बिनपान्याचा.