‘आधार लिंक आहे’ म्हणजे काय, हे मला मार्चमध्ये कळलं

बारावीनंतर पुण्यात बीएस्सीला आलो. मेरिट लिस्ट, खोली, मेस, सगळं आठवड्याभरात मार्गी लागलं. घोडं अडलं ते शिष्यवृत्तीपाशी.

राज्य सरकारच्या महाडीबीटी या ऑनलाइन पोर्टलवर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा फॉर्म भरला. उत्पन्नाची मर्यादा 8 लाख, आम्ही तिच्या आसपासही नाही. कॉलेजातून मंजूर, वरूनही मंजूर. खात्यात मात्र दमडी नाही.

बँकेत गेलो. काउंटरवरच्या मॅडम स्क्रीन बघून म्हणाल्या, “आधार लिंक आहे.” पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. “अरे बाळा, लिंकच आहे, कॉलेजात विचार.” कॉलेजातले क्लार्क म्हणाले, “बँकेत विचार.” असे चार महिने गेले. दर वेळी एक प्रॅक्टिकल बुडायचं आणि घरून वडिलांचा फोन, “आले का रे?”

शेवटी खोलीवरच्या सीनियर दादाने माय-आधारच्या साइटवर लॉगिन करून ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडायला लावलं. तिथे बँकच वेगळी! पाचवीत शाळेने उघडून दिलेलं गावाकडचं खातं. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि सीडिंग वेगळं. सीडिंग एका वेळी एकाच बँकेत असतं आणि सरकारी पैसे तिथेच जातात. एवढं एक वाक्य त्या काउंटरवर कुणी बोललं असतं तर काय बिघडलं असतं?

पासबुक आजीच्या ट्रंकेत सापडलं. रात्रीची एसटी पकडून गावी पोचलो, तर दुसरा शनिवार! बँकेला कुलूप. सोमवारी केवायसी करून खातं चालू केलं, तेव्हा पैसे आत पडलेले दिसले. शाखेबाहेरच्या टपरीवर दोन वडापाव खाल्ले आणि मग घरी फोन केला.

तर फॉर्म भरायच्या आधी सीडिंग बघा. बँक बदलायची असेल तर ‘डीबीटीसाठी सीडिंग करा’ (डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात जमा होणं) असं अर्जात स्पष्ट लिहा आणि पोच घ्या. नुसतं ‘लिंक करा’ म्हणू नका.

हो, एक राहिलंच. शाळा सोडल्याचा मूळ दाखला कॉलेज ठेवून घेतं, त्याआधी चार-पाच झेरॉक्स काढून ठेवा. मी एकच काढली होती, तीही मेसच्या डाळीत पडली.